बेचव वांग्यांचा बंदोबस्त

२३ जून

काल सुरभीचं साक्षगंध आटोपलं. एकुलती एक मुलगी, त्यामुळे हात आखडता घेतला नाही. मंडप चांगला, जावई चांगला, व्याही देवळीचे, घरचं वावर. सगळं उत्तम. फक्त वांग्याची भाजी सोडून.

घास तोंडात घातला आणि मनात आलं, हा कापूस कोणी शिजवला? मनात आलेलं तोंडातून बाहेरही पडलं. पंगतीत. जरा मोठ्याने. बाजारच्या भाज्यांना आता चवच राहिली नाही, नुसतं औषध आणि पाणी, असंही मी पुढे बोललो. शेजारीच व्याही भैय्याजी बसले होते. त्यांचा घास हातातच राहिला.

ती वांगी बाजारची नव्हती. भैय्याजींनी स्वतःच्या वावरातून तोडून आणली होती, पंगतीसाठी, प्रेमाने. हे पौर्णिमाने मला हात धुताना सांगितलं. बायकोने महत्त्वाची माहिती जेवणाआधी द्यावी की नंतर?

सावरायला म्हणून मी तिथेच जाहीर केलं की लग्न फेब्रुवारीत आहे, त्याआधी डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी व्याह्यांना आमच्याकडे रोडग्यांचं जेवण. कणकेचे रोडगे गोवऱ्यांवर भाजलेले आणि सोबतची वांग्याची भाजी माझ्या स्वतःच्या परसातली. तोपर्यंत बाजारची भाजी मला हराम. काही लोकांनी टाळ्या वाजवल्या. भैय्याजी म्हणाले, ठीक हाय महादेवराव, येतो, पण मंग एकटा नाई येत, सारं घरदार घेऊन येतो. एवढं बोलून त्यांनी मठ्ठा मागवला आणि तोंड दुसरीकडे केलं.

घरी येताना ही म्हणाली, तुमच्या जिभेले हाड नाई. मी म्हटलं, हाड नसेल, पण चव आहे.

२४ जून

नोंद म्हणून लिहून ठेवतो. मी देवळीच्या जिनिंगमध्ये आयुष्यभर ग्रेडर होतो. कापसाची बैलबंडी फाटकात आली की हात न लावता ओल सांगायचो, नुसत्या नाकावर. शेतकरी म्हणायचे, साहेबाच्या नाकात मशीन हाय. रिटायर झालो तेव्हा शाल-श्रीफळ देताना मॅनेजरनेसुद्धा भाषणात नाकाचा उल्लेख केला होता. अशा माणसाला चव कळत नाही, असं कोण म्हणेल?

चव गेली ती मालाची. कधी गेली तेही मला पक्कं आठवतं. तीन वर्षांपूर्वी मला तो मोठा ताप आला, बरेच दिवस अंथरुणात होतो. उठून बसलो तर टमाटराला चव नाही, सांबाराला, म्हणजे कोथिंबिरीच्या अख्ख्या जुडीला, वास नाही, मिरचीत नुसता जाळ. म्हणजे मी आजारी आहे हे पाहून यांनी सगळा हायब्रीड माल बाजारात घुसवला. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या कैलासला मी तेव्हाच खडसावलं होतं. तो म्हणाला, काकाजी, माल तोच हाय. चोर कधी चोरी कबूल करतो का?

२७ जून

संकल्प. रोज पाचला उठणे. परसात खोदणे. व्हिडिओ कमी, काम जास्त.

साडेआठला उठलो. व्हिडिओ पाहिले. फार महत्त्वाचे होते.

परस म्हणजे आमच्या पिपरीच्या घरामागची जागा. फार मोठी नाही, पण माती काळी. ज्या मातीत कापूस पिकतो तिला वांगं म्हणजे काय काम आहे? कुदळ मारली. कंबर धरली. बाकीचं उद्या.

८ जुलै

नालवाडीच्या साळीकडून, हिच्या बहिणीकडून, गावरान वांग्याचं बी आणून पेरलं होतं. अजून काही नाही. साळी फोनवर म्हणाली, भाऊजी, खोल गाडलं असन तुमी. खोल कसलं? पाखरांनी उचलू नये म्हणून वीतभर खाली ठेवलं होतं, एवढंच. बी जुनं असणार. नातेवाइकांकडून काही घेऊ नये.

१३ जुलै

व्रत घेतल्यापासून पिठलं, वरण, पिठलं. पौर्णिमा स्वतःसाठी कैलासकडून भेंडी आणते आणि माझ्यासमोर बसून खाते. मी तिला काही बोललो नाही. व्रत माझं आहे.

आज नियम पक्के केले. आलू ही भाजी नव्हे, कंद आहे. कांदा हा मसाला. समोशात असतं ते सारण. पेन्शनच्या कामाला देवळीला गेलो होतो, बसस्टँडवर दोन समोसे आणि वर तर्री घेतली. तर्रीत चणे, म्हणजे कडधान्य. सगळं नियमात बसलं.

चव मात्र त्यालाही नव्हती. एवढी लालभडक तर्री आणि नुसती जीभ भाजली. हा घोळ आता कडधान्यापर्यंत पोचलेला दिसतो.

२१ जुलै

रोपं विकत आणून लावली. विकतचं रोप म्हणजे विकतची भाजी नव्हे, हे पौर्णिमाला पटत नाही. लावली त्याच दिवशी पाऊस सुरू झाला तो थांबलाच नाही. काळ्या मातीत पाणी तुंबलं. रोपं पाण्यात उभी होती, मग आडवी झाली, मग दिसेनाशी झाली.

एकंदरीत शिकायला भरपूर मिळालं. पुन्हा रोपं आणली. या वेळी वाफे उंच केले. म्हणजे पौर्णिमाने केले. मी छत्री धरली.

४ ऑगस्ट

रोपं पिवळी दिसतात. कारण सापडलं. जमिनीत जीव नाही. उपाय: जीवामृत. निळ्या ड्रममध्ये शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि वडाखालची मूठभर माती. व्हिडिओत एवढंच सांगतात. मी त्यात सुधारणा केली. नासलेलं ताक आणि डझनभर अंडी, ऊन लागून गेलेली, त्यामुळे स्वस्त. व्हिडिओवाला म्हणतो आठवडाभरात वापरा. मी ठरवलं, लोणच्यासारखं मुरू द्यायचं. जितकं जुनं तितकं औषधी.

१२ ऑगस्ट

भिंतीपलीकडचे नत्थूजी सकाळीच उपरण्याने तोंड बांधून आले. विचारत होते, काई मेलं का जी तुमच्या आवारात? मी त्यांना ड्रमजवळ नेलं, झाकण उघडून दाखवलं, आत वाकून पाहायलाही सांगितलं. ते पेरूच्या झाडापर्यंत मागे गेले आणि तिथे त्यांना उलटी झाली. वय झालं त्यांचं.

मी स्वतः ड्रमशी तास तास उभा राहून ढवळतो. मला काहीही वास येत नाही. म्हणजेच मिश्रण शुद्ध आहे.

२३ ऑगस्ट

आज ताना पोळा. दरवर्षी कॉलनीतली पोरं लाकडी नंदी ओढत दारोदार बोजारा मागायला येतात. मी सुटे पैसे आणि चॉकलेटं घेऊन ओट्यावर बसलो होतो. पोरं फाटकापर्यंत आली, नाकं दाबली आणि नंदी वळवून पळाली. सगळीच्या सगळी. परंपरेबद्दल नवीन पिढीला काही आस्थाच नाही.

चॉकलेटं मीच खाल्ली. चॉकलेटही पूर्वीसारखं राहिलं नाही. नुसतं गोड.

९ सप्टेंबर

पौर्णिमाने आज विनाकारण घर डोक्यावर घेतलं. मी स्वयंपाकघरात टेबलाशी बसून कीडनियंत्रणावर वाचत होतो. ही बाहेरून आली आणि दारातूनच किंचाळली. मायबाई, गॅस चालू हाय, साऱ्या घरात वास भरला, अन् तुमी इथंच बसून? खिडक्या काय उघडल्या, मला हाताला धरून बाहेर काय काढलं. बटण थोडं फिरलेलं होतं, एवढंच.

ही नंतर ओट्यावर बसून रडली. मी समजावलं की गॅसलाही आता पूर्वीसारखा वास राहिलेला नाही, कंपनीवाले त्यातही कपात करतात. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. माझं म्हणणं पटलं असावं.

१८ सप्टेंबर

झाडं गुडघाभर झाली होती. फुलं धरली होती, जांभळी. आज दुपारी वानरं आली. दहा-बारा होती. शेंडे खाल्ले, फुलं खाल्ली, एकाने तर माझ्याकडे पाहत पाहत खाल्लं. मी काठी आपटली. त्यानेही एक तुराटी उचलून आपटली.

जाळी हवी. चारी बाजूंनी आणि वरूनही.

५ ऑक्टोबर

जाळीघर तयार. लोखंडी पाइप, हिरवी जाळी, दार. कडी मी बाहेरून बसवून घेतली. वानराचा हात फार चलाख असतो, आतली कडी जाळीतून हात घालून काढेल, असा माझा विचार. वेल्डर म्हणाला, काकाजी, मंग तुमी आतमंदी असतानी? मी म्हटलं, मी आत असताना मी बाहेर येईन. त्याला समजलं नाही.

८ ऑक्टोबर, दुपारी

जाळीच्या आत. डायरी खिशात होती म्हणून बरं. वाकून अळ्या वेचत होतो तेवढ्यात ही आली, दार उघडं पाहून बडबडली, कडी लावली आणि निघून गेली. मला वाटलं, गंमत करते. मग स्कूटरचा आवाज आला. ही नालवाडीला बहिणीकडे गेली. मोबाइल घरात.

जाळी फाडता येईल. पण नवीन आहे.

८ ऑक्टोबर, जरा वेळाने

वानरं आली आहेत. भिंतीवर ओळीने बसून नत्थूजींचे पेरू खात मला पाहतात. एकाने जाळी धरून हलवली आणि सोडली. बहुतेक दया आली.

नत्थूजी गच्चीवर कपडे वाळत घालायला आले होते. त्यांनी विचारलं, काऊन जी, आतमंदी काय करून राह्यले? मी म्हटलं, निरीक्षण. या माणसाला कडी काढायला सांगायचं म्हणजे पुढची दहा वर्षं ऐकून घ्यायचं. ते खाली गेले. त्यांना थांबवायला हवं होतं का, हा प्रश्न आहे.

८ ऑक्टोबर, संध्याकाळ

ही दिवे लागल्यावर आली. कडी काढली, पदराने तोंड झाकलं. घरात गेल्यावर बराच वेळ हसण्याचा आवाज येत होता, साळीशी फोनवर.

२२ ऑक्टोबर

दिवाळीला सुरभी नागपूरहून आली आहे, नोकरी तिकडेच. आज सकाळी गॅसवरचं दूध उतू जाऊन करपलं, पातेलं काळंठिक्कर. मी शेजारच्याच खोलीत पेपर वाचत होतो. सुरभी अंगणातून धावत आली. मग माझ्याजवळ येऊन बसली आणि विचारू लागली, बाबा, तुमाले वास येते का? मी म्हटलं, कोणाला विचारते आहेस? ती म्हणाली, एकदा डॉक्टरले दाखवू. मी तिला देवळीच्या जिनिंगमधली दोन-तीन उदाहरणं सांगितली. ती उठून गेली.

दुपारी पुन्हा आली तेव्हा डोळे लाल होते. तिने जे सांगितलं ते लिहून ठेवतो, कारण मनातून जात नाही. साक्षगंधापासून भैय्याजी घरात कोणी वांग्याचं नाव काढलं तरी ताटावरून उठतात. तिच्या होणाऱ्या सासूबाई फोनवर हसून सांगतात, पण सांगतात. सुरभी म्हणाली, बाबा, मले त्या घरात जाऊन राहाचं हाय, जन्मभर मले कोणी वांग्यावरून बोलू नये. रोडग्याच्या दिवशी तुमी फक्त गोड बोलजा, बाकी काई नोको.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हटलं, बेटा, नुसतं गोड बोलणार नाही, गोड खाऊ घालीन. तुझ्या सासऱ्यांना कळू दे, वांगं कशाला म्हणतात.

तिने कपाळावर हात मारला. आनंदाने असेल.

१४ नोव्हेंबर

पहिलं वांगं! छोटं, हिरवट जांभळं, देठाला काटे. अस्सल गावरान. कोणाला न सांगता तोडलं, गॅसवर भाजलं, मीठ-तेल घालून भरीत केलं आणि एकट्याने पाटावर बसून पहिला घास घेतला.

मऊ होतं. खारट होतं.

दुसरा घास घेतला. तिसरा घेतला. पुन्हा मऊ आणि खारट.

जरा घाबरलो. कशाने ते लिहीत नाही.

नंतर कारण सापडलं. भरीत कापसाच्या पऱ्हाटीच्या जाळावर भाजायचं असतं, गॅसवर नाही. रोडग्याच्या दिवशी गोवऱ्या असतील, चूल असेल, तेव्हा खरी चव उतरेल. पण पौर्णिमा आत आली तेव्हा तिने उरलेलं भरीत बोटाने चाटलं आणि म्हणाली, अवं, किती गोड हाय हो हे. मी तिच्याकडे पाहत राहिलो. ती माझं मन राखायला बोलते, हे मला कळतं.

९ डिसेंबर

अळी. शेंड्यात अळी, फळात अळी. बाहेरून वांगं चकचकीत, कापलं की आत ती बसलेली. एवढी जाळी लावून वानरं अडवली आणि ही आतूनच निघाली. जीवामृत ओतलं. अळ्या वाढल्या. ड्रममधला माल एवढा पौष्टिक आहे.

परसातली चांगली वांगी मोजली. एका ताटात मावली.

१५ डिसेंबर

भैय्याजींना फोन केला. म्हटलं, यंदा थंडी फार आहे, रोडगे जानेवारीत करू, किंवा लग्नानंतर, निवांत. ते म्हणाले, नाई जी, मी साऱ्याईले सांगून ठेवलं. माहे दोन भाऊ, साळे, अन् गावातले चार लोक तुमचे वांगे पाहाले म्हून येऊन राह्यले. दोन गाड्या केल्या.

पाहायला. खायला नाही, पाहायला.

२१ डिसेंबर

पर्यायांचा विचार केला. आजारी पडणे. पौर्णिमा म्हणते, पडा, मी खाटेसकट उचलून बाहेर ठेवीन. गावाला जाणे. कोणत्या? वांगी कमी आणि आलू जास्त असा मिश्र रस्सा. ती म्हणाली, शब्द आलूचा देल्ला होता का? दारावर माणसं येणार आणि मी त्यांच्यापुढे एक ताट वांगी ठेवणार, हे चित्र डोळ्यांपुढून हलत नाही. घरात बसवत नाही, बाहेर गेलो की कैलास विचारतो, काकाजी, वांगे लागतीन का? त्याला कोणी सांगितलं?

सुरभीचा रोज फोन येतो. मी न्हाणीघरात आहे असं सांगायला सांगतो.

२७ डिसेंबर

चमत्कार. सकाळी ओट्यावर पोतं भरून वांगी. ताजी, देठ हिरवे, दवाने ओली. पौर्णिमा म्हणाली, तुमी झोपले होते तवा झाडाचीच तोडली. मी परसात जाऊन झाडांकडे पाहिलं. झाडं कालच्यासारखीच होती. थंडीत वांगी एका रात्रीत फुगतात, असं मी कुठेतरी पाहिलं आहे.

पोत्यावर देवळीच्या दुकानाचा छाप होता. पोती काय, कुठूनही येतात. मी पुढे विचारलं नाही.

उद्याची भाजी मी स्वतः करणार. भाजीच्या गंजाला, म्हणजे पातेल्याला, दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही.

२९ डिसेंबर

काल झालं ते सगळं लिहितो, मग डायरी कपाटात ठेवतो.

बाजूच्या रिकाम्या प्लॉटवर गोवऱ्या रचल्या. जावई आणि त्याचे काका रोडगे वळत होते. मी तीन दगडांची चूल मांडून मोठा गंज चढवला. भैय्याजी खुर्ची टाकून समोर बसले, दोन गाड्यांमधली मंडळी त्यांच्या आजूबाजूला. मी ढवळायचा सराटा हातात घेऊन बोलायला सुरुवात केली. बाजारच्या मालाची चव कशी गेली, पाणी, औषध, हायब्रीड, माझं जीवामृत, माझी जाळी. लोक शांतपणे ऐकत होते. मध्येच काही जण एकमेकांकडे पाहू लागले. एकाने नाक वर केलं. नत्थूजी भिंतीवरून ओरडले, अजी, कायतरी लागून राह्यलं! या माणसाला माझं चांगलं कधी पाहवलं नाही. मी जाळ आणखी वाढवला आणि बोलणं पुढे चालू ठेवलं. सुरभी दोनदा जवळ आली, दोन्ही वेळा मी तिला हाताने थांबवलं.

पंगत बसली. तुपात चुरलेले रोडगे, वरण, भाजी. पहिला घास मी घेतला, सगळ्यांसमोर, डोळे मिटून. आणि मोठ्याने म्हणालो, भैय्याजी, ही चव! याला म्हणतात वांगं! हे बाजारात मिळणार नाही, आणि राग मानू नका, पण देवळीतही मिळणार नाही.

 कोणी खात नव्हतं. भैय्याजींनी एक घास गिळला, पाणी प्यायले आणि हळूच म्हणाले, महादेवराव, भाजी करपली जी. बुडापासून. साऱ्या पिपरीत वास सुटला.

मी म्हटलं, तो गोवऱ्यांचा धूर आहे, तीच तर खरी चव. कोणीतरी हसलं. तेवढ्यात सुरभी उठली, चुलीपाशी वाकली, काहीतरी घेऊन आली आणि मूठ माझ्या नाकाशी धरली. म्हणाली, बाबा, यात काय हाय? मी हुंगलं. पुन्हा हुंगलं. सगळे पाहत होते. मी म्हटलं, रिकामी मूठ काय दाखवतेस? तिने मूठ उघडली. ठेचलेला लसूण होता. तिच्या बोटांवरून रस ओघळत होता आणि ती रडत होती.

मी लसणाकडे पाहत बसलो. त्या वेळी मला ताप आठवला, गॅस आठवला, नंदी वळवून पळालेली पोरं आठवली. सगळं एकदम आठवलं आणि मला फार भीती वाटली. पौर्णिमा वाढता वाढता तशीच उभी होती. तिला केव्हापासून माहीत होतं, ते मी विचारलं नाही.

भैय्याजी ताटावरून उठले. मला वाटलं, गाड्या निघाल्या. ते येऊन माझ्या शेजारी खाली मांडी घालून बसले. म्हणाले, मंजे माह्या वांग्याले चव होती? मी होकारार्थी मान हलवली. म्हणाले, सा महिने झाले जी, मी कोनाले घरचे वांगे देऊन नाई राह्यलो. मले वाटलं, आपल्याच वावरातून चव गेली. आजचेबी माहेच होते, विहीणबाईचा फोन आला म्हून तोडून पाठवले. मग ते एकदम हसायला लागले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि मला पाठीवर थापट्या मारत राहिले. म्हणाले, घरी जाऊन भरीत करतो आज. एकटा बसून खातो.

त्यांनी गंजातला वरचा न करपलेला भाग काढायला सांगितला आणि सगळ्यांना जेवायला बसवलं. सुरभीला जवळ बोलावून तिच्या ताटात स्वतः वाढलं. सगळे पोटभर जेवले, सुरभीही. मीही जेवलो. मऊ होतं, खारट होतं आणि थोडं कडू.

३ जानेवारी

नाक-कान-घशाचे डॉक्टर म्हणाले, तापाने वासाची नस गेली. वास परत येईल किंवा नाही येणार, तुम्ही वेळेत दाखवायला आला असतात तर बरं झालं असतं. सकाळ-संध्याकाळ चार वस्तू हुंगायला सांगितल्या. पौर्णिमाने लवंग, कापूर, लिंबाची साल आणि कॉफी अशा चार डब्या ओळीने मांडल्या आहेत. मी क्रमाने हुंगतो. चारही डब्यांत हवा आहे.

व्रत संपलं. कैलासकडून वांगी, टमाटर, सांबार, सगळं आणलं. त्याने मूठभर मिरच्या जास्त घातल्या. मी त्याला इतकी वर्षं चोर म्हणत होतो, त्याबद्दल बोलायचं होतं. जमलं नाही. पुढच्या वेळी.

संध्याकाळी परसात गेलो. ड्रमचं झाकण काढलं, तोंड आत घातलं आणि छाती भरून श्वास घेतला. थंड हवा. देवा, थोडा घाण वास तरी येऊ दे, असं मनात म्हणून पुन्हा घेतला. काही नाही.

भिंतीपलीकडून नत्थूजी ओरडले, अजी महादेवराव, झाका ते, जेवाले बसून राह्यलो मी! मी झाकण हातात धरून विचारलं, नत्थूजी, कसा येतो हो वास? त्यांना वाटलं, चेष्टा करतो. मग माझं तोंड पाहून ते ताट ठेवून, उपरण्याने नाक दाबत भिंतीपाशी आले. नाकावरचं उपरणं काढलं, दोनदा हुंगलं आणि विचार करून सांगू लागले. पह्यले त ताकाचा आंबूस येते. मंग शेणाचा, पण ताज्या नाई, भिजून सडलेल्या शेणाचा. अन् मागून अंड्याचा असा येते का डोक्यातच जाते. थोडे थांबले, पुन्हा हुंगलं, म्हणाले, गुळाचाबी हाय थोडासा.

मी म्हटलं, गुळाचा कसा येतो?

ते सांगत राहिले. मी झाकण धरून ऐकत उभा राहिलो.